पावाच्या पाठीवरचे पूर्वज

नेटल हार्बर, मॅसॅच्युसेट्स
सप्टेंबर संपता संपता, १९५३

तीर्थस्वरूप हेप्सीताईस,

धाकट्या ड्रुसिलाचा नमस्कार. (वाकून करणार होते, पण गेल्या शनिवारपासून कंबर वाकायला तयार नाही. का नाही, ते पुढे येईलच. तू मधली पानं गाळून थेट शेवट वाचतेस हे मला ठाऊक आहे, तेवढं या खेपेला करू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? ओहायोत समुद्र नाही, म्हणजे दमट हवा नाही, म्हणजे गुडघा दुखायला काही कारणच नाही असं माझं मत आहे. पण कारणाशिवाय दुखवून घेण्यात तू लहानपणापासून पटाईत. ब्यूला बरी आहे ना? जावईबापूंना म्हणावं, तुम्ही पाठवलेलं खोकल्याचं औषध मिळालं; मला खोकला नव्हता, तरी संपवलं. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे घर जागेवर आहे, मांजर जागेवर आहे, आणि मी तेवढी जागेवर नाही.

ताई, तू हे गाव सोडलंस ते फार शहाणपणाचं केलंस. नेटल हार्बरला यंदा तीनशे वर्षं झाली, आणि त्या आनंदात अख्ख्या गावाचं डोकं फिरलं. रस्त्यात भेटलं तर 'कसं काय' असं कुणी विचारेना; 'तुमचे लोक कधी आले?' एवढंच विचारायचे, आणि उत्तरात शतक सांगावं लागायचं. अठरावं शतक म्हटलं की समोरचा 'असू दे, असू दे' असं म्हणून आपल्या दंडावर थोपटायचा. आमचा खाटीक, जो आजवर मटणाचं वजन सोडून कशाबद्दलही बोलला नव्हता, तो कापता कापता सुरी हवेत धरून आपल्या खापरपणजोबांच्या शौर्याच्या गोष्टी सांगायला लागला. या सगळ्याच्या मुळाशी होतं 'पहिल्या गलबताचे वारस मंडळ', आणि मंडळाच्या मुळाशी अध्यक्षीणबाई, मिसेस ऑगस्टा थ्रॅशर. बाईंचे स्वतःचे पूर्वज दुसऱ्या गलबतातून आले. (दोन्ही गलबतांमध्ये जेमतेम एका हिवाळ्याचं अंतर, पण ते दुःख त्या घराण्यात आईकडून मुलीकडे चांदीच्या चमच्यांसारखं चालत आलंय.) आपण पहिल्या गलबतातले नाही म्हटल्यावर पहिल्या गलबतातलं कुणीच सहजासहजी ठरू नये, अशी त्यांनी पक्की व्यवस्था केली होती.

तर जूनमध्ये चर्चच्या तळघरात भाजलेल्या घेवड्याचं सामुदायिक जेवण होतं. तिथं बाईंनी जाहीर केलं, की 'पेशन्स' गलबतातून या किनाऱ्यावर पहिलं पाऊल ठेवलं ते बार्नबस लव्हडे यांनी. तेव्हा सप्टेंबरातल्या सोहळ्यात त्यांचाच वंशज होडीतून येऊन, पोशाखबिशाख घालून, वाजतगाजत पहिलं पाऊल ठेवील. आता ताई, आपण माहेरच्या लव्हडे. गावात त्या नावाची उरलेली मी एकटी. मी लगेच रुमालानं तोंड पुसलं, केस नीट केले आणि उठून उभी राहायला लागले, तर माझ्या आधी खोलीच्या त्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "माझी आई लव्हडे होती," कुणीतरी म्हणालं. बघते तर डॉक्टर विक्स.

तुला ॲसाहेल विक्स आठवतात का कोण जाणे. दातांचे डॉक्टर. तू गेल्यावर माझ्या शेजारचं घर त्यांनी घेतलं. उंच, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची सवय. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढलेली आहे. (ती त्यांच्याकडेच राहिली. त्यानंतर माझं बरंच काही चुकत गेलं, असं मी तेव्हा गावभर सांगत असे.) दवाखाना बंद केल्यापासून त्यांनी सगळं आयुष्य आमच्या दोघांच्या मधल्या झाडांच्या कुंपणाला वाहिलं होतं, आणि ते कुंपण एवढं वाढलं की माझ्या टोमॅटोंना ऊन मिळेना. मी एकदा रागानं हिरवे टोमॅटो टोपलीत भरून त्यांच्या दारात ठेवले. त्यांनी त्याचं लोणचं घालून बरणी परत पाठवली. लोणचं उत्तम होतं, त्यामुळे राग आणखीच वाढला. तेव्हापासून बोलणं बंद.

"डॉक्टर, तुम्ही विक्स आहात," मी भर सभेत म्हटलं.

"आणि तुम्ही पीबडी," ते म्हणाले. (मिस्टर पीबडी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं नाव असं ऐन वेळी आडवं आलं.)

थ्रॅशरबाईंना तर स्वर्ग दोन बोटं उरला. त्या म्हणाल्या, दोघांनीही पिढीनं पिढी जोडून दाखवावी. ज्याची साखळी पूर्ण, तो होडीत. आणि ताई, इथूनच माझे हाल सुरू झाले. कारण साखळी मागे मागे नेली की माझीही आणि डॉक्टरांचीही एकाच माणसापाशी येऊन थांबायची: इकाबॉड लव्हडे. त्याच्या पुढं गाडी जाईना. हा इकाबॉड बार्नबसचा मुलगा की त्याच्या पुतण्याचा की वाटेत कुणाला सापडलेला, याला काडीचा पुरावा नाही. चर्चची जुनी दप्तरं कधीच्या काळी आगीत गेली. जुनी दफनभूमी कड्यावर होती, ती दर वादळात थोडी थोडी करत पूर्वजांसकट समुद्रात गेली. (ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत. गलबताचं भाडं फुकट गेलं म्हणायचं.) 'इकाबॉड कुणाचा?' हा प्रश्न गावात इतका गाजला, की न्हाव्याच्या दुकानात त्यावर पैजा लागल्या, आणि आमच्या पाद्रीबुवांनी एका रविवारी प्रवचनात चुकून प्रभूऐवजी इकाबॉडचं नाव घेतलं.

मग मला जोथमकाका आठवले. बाबांचे चुलतभाऊ, व्हरमाँटच्या डोंगरात मेंढ्या पाळून राहतात, नव्वदी उलटली आहे. मी गाडी काढली. ती गाडी चढावर तापते आणि उतारावर थांबत नाही, त्यामुळे सबंध प्रवासात मला फक्त सपाट रस्त्यावर श्वास घेता आला. काका आता ठार बहिरे आहेत. मी त्यांच्या दारात उभी राहून ओरडले, "काका, मी ड्रुसिला!" ते म्हणाले, "नको, गेल्याच आठवड्यात घेतली." मला शेवटपर्यंत कळलं नाही ते मला काय विकणारी समजले, पण आत घेतलं, मेपलचा पाक घातलेल्या पोळ्या पुढ्यात ठेवल्या, आणि ओळख पटल्यावर माझ्याकडे बघून रडले. मग मी पाटीवर लिहून विचारलं: इकाबॉड कुणाचा? काकांनी पाटी दूर धरली, जवळ धरली आणि एकदम खदाखदा हसायला लागले.

"पोरी, इकाबॉड म्हणजे आमचा पाव!"

मला वाटलं, काकांचं डोकंही कानांच्या मागोमाग गेलं. पण तसं नव्हतं. झालं होतं असं, की इकाबॉड मेला तेव्हा पाथरवटानं त्याच्या थडग्याच्या दगडावर नाव चुकीचं कोरलं. घरच्यांनी तो दगड नाकारला, दुसरा करून घेतला. (तो दुसरा कड्याबरोबर समुद्रात गेला.) पण पहिला दगड चांगला रुंद, सपाट आणि जवळजवळ फुकट, आपले लोक तो वाया घालवतात होय! त्यांनी तो शेतावरच्या घरात पावाच्या भट्टीचा तळ म्हणून बसवला. अक्षरं वर. तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक पावाच्या बुडावर इकाबॉडच्या मृत्युलेखाचा एखादा तुकडा उमटायचा. जोथमकाका लहानपणी त्या पावांवरूनच अक्षरं ओळखायला शिकले, सगळी उलटी, आणि शाळेत त्यासाठी मार खात राहिले. "मास्तर म्हणायचा, ही अक्षरं कुठली? मी म्हणायचो, आजीची." काका हे सांगताना इतके हसले की मला त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

ते शेत केव्हाच विकलं गेलं. आता तिथे फुर्टाडो कुटुंब राहतं. पोर्तुगीज बेटांवरून आलेली दर्यावर्दी माणसं, घरातले पुरुष मासेमारीला जातात आणि डेओलिंडा फुर्टाडोबाई पाव भाजून गावात विकतात. मी व्हरमाँटहून परत आले ती घरी न जाता थेट तिथे. गाडी फाटकातून आत घातली, तर आत आधीच डॉक्टर विक्सची गाडी उभी! त्यांनाही त्यांच्या आईनं लहानपणी उलट्या अक्षरांच्या पावाची गोष्ट सांगितलेली होती, ती त्याच दिवशी दाढी करताना आठवली. (अर्धीच दाढी करून आले होते. एक गाल गुळगुळीत, एक गाल कुंपणासारखा.) आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात एकाच वेळी घुसलो आणि दारात अडकलो.

डेओलिंडाबाई कंबरेवर पिठाचे हात ठेवून बघत राहिल्या. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. बाईंनी एक पाव उलटा करून बूड पाहिलं, पुन्हा आम्हाला पाहिलं.

"अगं माझ्या देवा! हे मेलेल्या माणसाचं नाव आहे? आम्हाला वाटायचं भट्टी बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का!"

"दगड बाहेर काढता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"येईल की," बाई म्हणाल्या. "माझी भट्टी फोडा, मग मी तुमची डोकी फोडते, मग थडग्याचे आणखी दोन दगड लागतील."

शेवटी तोड बाईंनीच काढली. पाव लहान लहान असतात म्हणून कधीच सगळा लेख एकत्र वाचता येत नाही. तेव्हा अख्ख्या तळावर पसरेल असा एकच एक अवाढव्य पाव भाजायचा. दुधातलं, अंड्यातलं, गोड पीठ. सणाला करतात तसं. त्यांनी ते मळायला मला बसवलं आणि डॉक्टरांना लाकडं फोडायला पाठवलं. पाव निघाला, ताई, केवढा! दोघांनी मिळून फळीवर उलटा केला. बुडावर अक्षरं उठून आलेली, पण उलटी. तेव्हा डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशातून काय काढावं? तोंडात घालून दात बघायचा तो आरसा. एवढासा गोल, दांडीचा. दवाखाना बंद केला तरी तो खिशात ठेवतात, चैन पडत नाही म्हणे. पावावर वाकून एकेक अक्षर त्या आरशात धरून वाचायला लागले, अगदी कीड शोधल्यासारखे. "येथे विसावला इकाबोब लव्हडे…" (ती पाथरवटाची चूक!) "…यांचा पुत्र." कुणाचा? मधला तुकडाच नाही! आम्ही वर पाहिलं, तर चुलीशेजारी बसलेले म्हातारे फुर्टाडोआजोबा शांतपणे तो तुकडा सूपमध्ये बुडवून खात होते. ऐन बापाचं नाव! मी किंचाळले. डॉक्टर धावले. आजोबांनी घास गिळला आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाले. डेओलिंडाबाईंनी सांगितलं, "म्हणतात, जरा मीठ कमी आहे."

मग दुसरा पाव. पीठ पुन्हा मळायचं, फुगायची वाट बघायची. त्या वेळात बाईंनी आम्हाला दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसवून मध्ये घेवड्याच्या शेंगांचं घमेलं ठेवलं आणि सोलायला सांगितलं. आता इतकी वर्षं न बोललेली दोन माणसं शेंगा सोलत काय बोलणार? आधी शेंगांबद्दल बोललो. मग कुंपणाबद्दल. डॉक्टर म्हणाले, कुंपण कापलं असतं, पण कापायला गेलं की तुम्ही खिडकीतून ओरडता. वाढवलं तरी ओरडता. वाढवण्यात निदान कष्ट कमी होते. मी म्हटलं, ओरडल्याशिवाय दिवसभरात माझा आवाज मलाही ऐकू येत नाही हो. हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. त्यांनी शेंग सोलायची थांबवली आणि पहिल्यांदाच माझ्या दातांकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "लोणचं कसं होतं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "बरणी धुऊन ठेवलीय, पुढच्या खेपेसाठी." (ताई, अर्ध्या दाढीचा माणूस वाटतो तितका वाईट दिसत नाही.)

दुसरा पाव निघाला तेव्हा डेओलिंडाबाई हातात लाटणं घेऊन आजोबांच्या समोर पहाऱ्याला उभ्या राहिल्या. लेख पूर्ण निघाला. येथे विसावला इकाबोब लव्हडे, बार्नबस व मर्सी यांचा पुत्र. डाव्या बाजूस प्रथम पत्नी सबमिट, उजव्या बाजूस द्वितीय पत्नी सायलेन्स. आता तिघांतही शांतता नांदो. (सबमिट म्हणजे 'शरण जा' आणि सायलेन्स म्हणजे 'गप्प बस'. आपले लोक मुलींची नावं ठेवत होते की हुकूम सोडत होते?) आता आपण सबमिटच्या वंशातल्या, हे तर पाठ आहे. डॉक्टर सायलेन्सच्या. म्हणजे दोघंही बार्नबसचेच! डॉक्टरांनी आरसा पुसून खिशात ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "या, चुलतबहीणबाई." मला इतकं हसू आलं की पिठाचे हात तसेच तोंडावर गेले. आजोबांनी तेवढ्यात उरलेला पहिला पाव संपवला.

पुरावा म्हणून तो अख्खा पाव आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून थ्रॅशरबाईंकडे नेला. त्यांनी चष्मा लावून, काढून, परत लावून पाहिला. पाव पुरावा म्हणून चालणार नाही असं मंडळाच्या नियमांत कुठेच म्हटलेलं नव्हतं, कारण असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मंडळाची बैठक बसली. पुरावा टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि सबंध खोलीत दालचिनीचा वास. चर्चा लांबली, सभासदांना भूक लागली, आणि निर्णय एकमतानं आमच्या बाजूनं लागल्यावर तो पुरावा सभासदांनी खाल्ला. होडीत दोघांनी मिळून बसायचं ठरलं.

आणि मग तो शनिवार. किनाऱ्यावर सगळं गाव लोटलेलं, बँड वाजतोय, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी. मला जाड लोकरीचा काळा झगा, पांढरी टोपी. डॉक्टरांना उंच टोपी आणि कानात अडकवायची लांब दाढी. (आता खरी दाढी पूर्ण केलेली होती, वर खोटी.) होडी इलायस पोकनेट यांची. त्यांची क्रॅनबेरीची मोठी बाग आहे, नगरपंचायतीत ते सभासद आहेत, आणि त्यांचे, इथले मूळचे वांपनोग लोक या किनाऱ्यावर कधीपासून आहेत असं कुणी विचारलं की ते म्हणतात, 'किनारा आला तेव्हापासून.' थ्रॅशरबाईंनी त्यांना किनाऱ्यावर उभं राहून 'स्वागत' करायचं काम दिलं होतं. म्हणून ते लांब रबरी बूट घालून, हाताची घडी घालून उभे होते.

होडी वाळूला टेकली. बँड थांबला. थ्रॅशरबाईंनी कर्णा तोंडाला लावला. डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आधी तुम्ही." मी म्हटलं, "छे छे, आधी तुम्ही." ते म्हणाले, "तुम्ही लव्हडे नावानं जन्मलात, मान तुमचा." मी म्हटलं, "पण आरसा तुमचा होता." ते म्हणाले, मी ऐकणार नाही. मी म्हटलं, मीही नाही. जूनमध्ये जी माणसं या एका पावलासाठी एकमेकांचा गळा धरायला निघाली होती, ती आता हट्टानं ते एकमेकांच्या गळ्यात घालत होती. आणि या आग्रहात दोघंही एकाच बाजूला उभे राहिलो. ताई, होडीला आग्रह कळत नाही. ती उलटली. मी उताणी, डॉक्टर पालथे, वरून लाट. लोकरीच्या झग्यानं अर्धा अटलांटिक पिऊन घेतला. इकडे थ्रॅशरबाईंचं लक्षच नव्हतं (डोळे मिटून प्रार्थना चालली होती), त्यांनी कर्ण्यातून गर्जना केली, "पाहा, बार्नबस लव्हडेच्या वंशाचं पहिलं पाऊल!" आणि सगळ्या गावानं पाहिलं, तर वाळूवर वाहत येऊन लागली होती ती डॉक्टरांची दाढी. एकटीच. बँडनं इमानानं सलामी वाजवली.

आम्हाला बाहेर काढलं ते पोकनेट यांनी. एका हातात माझी कॉलर, दुसऱ्या हातात डॉक्टरांची. आम्हाला वाळूवर आपटून ते म्हणाले, "तुम्ही लोक दर वेळी असंच उतरता का?"

"दर वेळी म्हणजे?" मी पाणी थुंकत विचारलं.

"आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. पहिला गोरा माणूस होडीतून पाय ठेवायला गेला तो तोंडावर पडला, आणि आमच्या एका आजीनं त्याला केसांना धरून ओढून काढला. तोच असेल तुमचा बार्नबस."

मी म्हटलं, "अहो, मग हे तुम्ही मंडळाला आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आणि आमच्याकडे पावसुद्धा नाही दाखवायला." एवढं बोलून ते स्वतःच हसले, आम्हाला घोंगड्या दिल्या, आणि मग 'स्वागत' राहिलं होतं म्हणून घसा साफ करून स्वागत केलं. मी इतका वेळ हसत होते. त्या वेळी मात्र, का कोण जाणे, घोंगडीत तोंड घालून थोडी रडले. तीनशे वर्षं आम्ही पहिल्या पावलाचा टेंभा मिरवतोय, आणि ज्यांनी वर ओढलं त्यांचं नावही आमच्या साखळीत नाही. डॉक्टर शेजारी कुडकुडत होते. त्यांनी आपल्या घोंगडीचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, लुक्रेशियानं, ते नेमकं पाहिलं. (ती डॉक्टरांचं घर सांभाळते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि दोन्ही कामं एकाच चेहऱ्यानं करते.)

असो. अशा तऱ्हेनं तुझ्या घराण्याची इभ्रत वाढवून मी घरी येऊन पडले आहे. कंबर शेकते आहे. तू प्रकृतीला जप, गुडघ्याला जप, आणि गाजराची कोशिंबीर पचत नाही तर खात जाऊ नकोस. मला तुझ्याकडून काही नको, फक्त आशीर्वाद असू दे.

तुझी धाकटी,
ड्रुसिला

ता. क. — वर 'काही नको' लिहिलं ते सभ्यपणाचं होतं. डॉक्टरांनी परवा मला मागणी घातली. कुंपणातून. म्हणजे कुंपणाला मध्येच मोठं भोक पाडलं, त्यातून डोकं आत घातलं आणि विचारलं. मी हो म्हटलं. ओरडूनच म्हटलं, सवयीनं.

आणखी ता. क. — पण लुक्रेशियानं आकांत मांडलाय. म्हणते, दोघंही लव्हडे, इकाबॉडच्या दोघी बायकांची नातवंडं-पतवंडं, हे तर भावाबहिणीचं लग्न झालं. एकाच रक्तात लग्न केलं की मुलं वेडी निपजतात. मुलं! ताई, मी बासष्ट वर्षांची आहे! पण तिनं पाद्रीबुवांचेही कान भरलेत, आणि डॉक्टर तिच्या शब्दाबाहेर नाहीत. बिचारे कुंपणातल्या भोकाशी उभे राहून माझ्याकडे बघत असतात.

शेवटचं ता. क. — तेव्हा आता खरं ते लिहिते. मी व्हरमाँटहून निघताना जोथमकाका गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "पण तू कशाला इकाबॉड शोधतेस, पोरी? तुझा आजोबा सेथ तर फुटलेल्या जहाजावरून वाहून आलेला, हेरिंग माशांच्या पिंपात सापडलेला. आमच्या आजीनं त्याला पोटच्यासारखा वाढवला, एवढंच." बहिरे काका होते, पण त्या क्षणी ऐकू मला आलं नाही. गाडी सुरू केली आणि उतारावर सोडून दिली. बाबांनीही ही गोष्ट तुला सांगितलेली आहे, हे मला माहीत आहे. तू तेरा वर्षांची होतीस, मी दाराआड होते. ताई, सबंध उन्हाळा मी हात जोडून देवाला म्हणत होते, की हेप्सीला ते आठवू नये. आता हात जोडून तुला म्हणते, की आठव! सगळं आठव, पिंपासकट, आणि लुक्रेशियाला सविस्तर लिही (मी सांगून ती मानणार नाही), की ड्रुसिलाच्या अंगात लव्हडेंच्या रक्ताचा थेंबही नाही, तिचं मूळ देवालाच ठाऊक, आणि म्हणून हे लग्न बिनदिक्कत होऊ द्यावं. फक्त तिला गळ घाल, की थ्रॅशरबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. माझा होडीतला फोटो अजून वर्तमानपत्रात यायचा आहे. लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. तू ये. गुडघा घेऊनच ये. आणि हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाक. नको, थांब, जाळू नकोस! पहिली पानं जाळ, आणि हे शेवटचं तेवढं लुक्रेशियाला पाठव.